फुकटातल्या विंडोजचा हिशेब

मानखुर्दमध्ये एखादा पोरगा गेमिंगसाठी मशिन असेंबल करायला निघाला की सल्ला द्यायला अख्खी बिल्डिंग गोळा होते. रायझन घ्यायचा की इंटेल, रॅमच्या आठ-आठच्या दोन स्टिक लावायच्या की सोळाची एकच, एसएमपीएसवर पैसे वाचवायचे की नाही, कॅबिनेटला काच हवी की जाळी, यावर रात्री उशिरापर्यंत खल चालतो. हार्बरने कुर्ला, तिथून दादर, पुढे ग्रँट रोड असं करत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून कोटेशनं आणली जातात. दोनशे रुपयांच्या फरकावरून दुकान बदललं जातं. ऑपरेटिंग सिस्टिमची पाळी आली की मात्र सगळ्यांचं एका वाक्यात एकमत होतं: ‘‘विंडोज दुकानवालाच मारून देतो, फुकट.’’

माझं भांडण या वाक्याशी आहे.

समोरची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती मांडणारे लोक अडाणी नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी माझ्याहून जास्त मशिनं जोडली आहेत. त्यांचं म्हणणं असं, की गेम विंडोजसाठीच लिहिले जातात, तेव्हा गेमिंगचं मशिन म्हणजे विंडोजचं मशिन. पैशांचा प्रश्नच नाही, कारण पैसे मोजून विंडोज घेतलेला माणूस आपल्या वस्तीत कुणी पाहिलेला नाही. आणि विंडोजऐवजी लिनक्स म्हणाल, तर ते काळ्या पडद्यावर कमांड टाइप करत बसणाऱ्यांचं खूळ आहे; त्यावर गेम चालत नाहीत, चाललेच तर रडतखडत. २०१७ साली हे म्हणणं बरंचसं खरं होतं. त्यानंतर परिस्थिती बदलली, म्हणणं तेवढं जागच्या जागी राहिलं.

आधी ‘फुकट’ घेऊ. विंडोज ११ ची होम आवृत्ती रीतसर विकत घ्यायची तर दहा हजारांच्या आसपास जातात. सेकंडहँड कार्ड आणि जुना बोर्ड जमवून मशिन उभं करणाऱ्या घरात एवढे पैसे कुणी त्यासाठी काढत नाही. त्याबद्दल मी कुणाला नीतीचे धडे द्यायला बसलेलो नाही. पण मग उरतात दोन वाटा. एक, तीन-चारशे रुपयांत मिळणारी ‘की’. ही बहुधा कुठल्या तरी कंपनीच्या घाऊक परवान्यातली किंवा जुन्या मशिनच्या ओईएम परवान्यातली असते. वर मायक्रोसॉफ्टने ती रद्द केली की पडद्याच्या कोपऱ्यात पुन्हा ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’. दुसरी वाट क्रॅकची, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटरची. त्याची पहिली अटच अशी असते की आधी अँटिव्हायरस बंद करा.

ती अट का असते, हा प्रश्न आपण विचारत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की केएमएसपिको या सर्वांत लाडक्या अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या बनावट इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट नावाची चोरटी फाइल आत येते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, लॉगिनच्या कुकीज, क्रिप्टोची पाकिटं असं सगळं उचलून ती बाहेर पाठवते. आता आपल्याकडचं मशिन ‘गेमिंगचं’ असलं तरी घरात ते एकच असतं. त्याच्यावरच बहिणीचा सीईटीचा फॉर्म भरला जातो, त्याच्यावरच वडिलांचा पीएफ बघितला जातो, आईच्या बचत गटाची यादी टाइप होते. पोराला फक्त एफपीएस दिसत असतात. फुकट ते पौष्टिक म्हणून खाल्लेलं कोणाला बाधेल, हे खाणारा ठरवत नाही.

एक मशिन जवळून पाहिलेलं सांगतो. प्रकल्पांत घर गेलेल्यांसाठी उभारलेल्या लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतीतलं, सव्वादोनशे चौरस फुटांचं घर. कॅबिनेट कपाटाच्या डोक्यावर, एका बाजूचा पत्रा काढून ठेवलेला, कारण कार्ड तापतं आणि वरून पंख्याचा वारा लागतो. आत एच८१ चा बोर्ड, चौथ्या पिढीचा आय५ आणि आरएक्स ५८० कार्ड. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची खाणकामाची पद्धत बंद झाली आणि अशी कार्डं बाजारात स्वस्त झाली, हे त्यांपैकीच असावं. पोराची तक्रार साधी होती. व्हॅलोरंट उघडलं की व्हॅन९००१ असा एरर येतो आणि गेम बंद होतो. दुकानवाल्याने त्याच्यावर ‘नवी’ विंडोज ११ मारून दिली होती. मी विंडोज सिक्युरिटी उघडून एक्सक्लूजनची यादी पाहिली. तिच्यात अख्खा सी ड्राइव्ह होता. म्हणजे अँटिव्हायरस चालू दिसत होता, पण जिथे बघायचं तिथेच त्याने बघायचं नाही असं त्याला सांगून ठेवलेलं. अ‍ॅक्टिव्हेशन मात्र चोख.

व्हॅन९००१ चं कारण त्याहून गमतीचं आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि सिक्युअर बूट लागतं. प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा, रायझन असेल तर साधारण २००० मालिकेपासूनचा. चौथ्या पिढीच्या आय५ ला हे जमणारच नाही. म्हणून दुकानवाले ही तपासणी वगळून विंडोज ११ टाकतात, ते काही अवघड नाही. पण व्हॅलोरंटचं व्हँगार्ड नावाचं अँटिचीट विंडोज ११ दिसलं की टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट स्वतः तपासतं, आणि ते नसेल तर खेळूच देत नाही. म्हणजे ज्या एका गेमसाठी ‘गेमिंग म्हणजे विंडोजच’ म्हणून विंडोज मारली, तोच गेम त्या विंडोजवर चालत नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

‘‘मग विंडोज १० टाकू, त्यात काय?’’ असं लगेच उत्तर येतं. टाकता येईल, गेमही चालेल. पण मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती वापरासाठी एक वर्षाचे वाढीव सुरक्षा अपडेट ठेवले आहेत. सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात घेतला तर ते पैसे न देता मिळतात, आणि १३ ऑक्टोबर २०२६ ला तेही संपतात. रीतसर विंडोज १० असलेल्याने ते जरूर घ्यावेत. पण आता नव्याने मशिन जोडणाऱ्याने मुद्दाम अशा सिस्टिमवर घर बांधावं, हा सल्ला कुठला?

यात मानखुर्दकरांना वेगळा हिशेब लागू होतो. कनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज दिला होता की विंडोज १० बंद झाल्यामुळे जगभरात सुमारे २४ कोटी पीसी भंगारात निघू शकतात. हे भंगार निघून जातं कुठे, ते आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. मंडाळ्याच्या भंगार गल्ल्यांमध्ये तुकडे वेगळे करणारे हात आपल्याच शेजारचे आहेत आणि त्या गोदामांना लागलेल्या आगींचा धूर आपल्याच खिडकीत येतो. पलीकडे देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. बाकीच्या मुंबईने टाकून दिलेल्या वस्तूंवर या वॉर्डाच्या कित्येक चुली पेटतात. चालू स्थितीतला बोर्ड केवळ एका चिपअभावी भंगार ठरवायचा, हे आपण तरी बिनतक्रार मान्य करू नये. त्याच एच८१ च्या बोर्डवर आजचं ताजं लिनक्स सुरक्षा अपडेटसकट चालतं आणि कुठलीही तपासणी चुकवून, वगळून टाकावं लागत नाही.

पण गेम? मुख्य मुद्दा तोच, आणि टीकाकारांची माहिती सर्वांत जुनी आहे ती इथेच.

विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी ‘वाइन’ नावाचा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. बरीच वर्षं त्यावर एखादा गेम चालणं हा नशिबाचा भाग होता. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यावर आधारलेलं ‘प्रोटॉन’ आणलं आणि ते थेट स्टीममध्येच बसवलं. विंडोजचा गेम ग्राफिक कार्डाशी डायरेक्टएक्सच्या पद्धतीने बोलतो. डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी हे प्रोटॉनमधले भाग ते बोलणं त्याच क्षणी व्हल्कनच्या, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या, पद्धतीत करून कार्डाला देतात. यात दुसरं अख्खं कॉम्प्युटर नकली उभं करावं लागत नाही, गेमचा कोड प्रोसेसरवर थेट चालतो. म्हणून वेग फारसा पडत नाही, काही गेममध्ये तर विंडोजच्या बरोबरीने किंवा थोडा पुढेही जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच पायावर व्हॉल्व्हने स्टीम डेक हा हातातला कन्सोल बाजारात आणला. त्याच महिन्यात एल्डन रिंग आला. विंडोजवर तो अडखळत होता म्हणून खेळाडू ओरडत होते, आणि व्हॉल्व्हने लिनक्सच्या बाजूने दुरुस्ती केल्यामुळे डेकवर तो अडखळ कमी झाला. ‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ असं त्यानंतरही जो ठामपणे म्हणतो, त्याने उचलली जीभ लावली टाळ्याला.

यावर नेहमीचा टोला असतो: स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाले किती, तीन टक्के! बरोबर, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आकडा पहिल्यांदा तीन टक्क्यांच्या वर गेला. पण २०२१ मध्येच स्टीमवर महिन्याला तेरा कोटींहून जास्त लोक येत होते. त्याचे तीन टक्के म्हणजे चाळीस लाखांच्या घरात. शिवाय बहुमताने ऑपरेटिंग सिस्टिम निवडायची असेल तर मग मशिन तरी कशाला जोडायचं? बहुसंख्य लोक मोबाइलवरच खेळतात.

सेकंडहँड कार्डांबाबत तर लिनक्सचं पारडं मला जड वाटतं. आरएक्स ५८० हे २०१७ चं कार्ड. एएमडीने २०२३ च्या अखेरीस त्या पिढीच्या विंडोज ड्रायव्हरचे अपडेट कमी करत आणले. लिनक्सवर या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतो आणि मेसा नावाच्या मुक्त प्रकल्पातून त्याचा व्हल्कनचा भाग सुधारत राहतो. त्यावर व्हॉल्व्हचे पगारी लोक काम करतात. म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या कार्डाला कंपनी विसरली तरी वाली उरतो. मशिन चालू केलं की कार्ड ओळखलेलं असतं. वेबसाइटवरून ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. उत्साही माणूस विंडोजवर ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची जी नको ती सॉफ्टवेअरं टाकून बसतो, तोही प्रकार टळतो.

एनव्हिडियाचं तसं नाही, आणि हे लपवायची माझी इच्छा नाही. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे बघत एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. आता इतकी वाईट स्थिती नाही. ड्रायव्हर मिळतो, चालतो. पण डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये एनव्हिडियाची कार्डं लिनक्सवर विंडोजपेक्षा ठळकपणे मागे पडतात. शिवाय जीटीएक्स १०६० सारख्या पास्कल पिढीच्या कार्डांना लिनक्सवर ५८० क्रमांकाच्या ड्रायव्हर मालिकेपुढे जागा नाही. ते कार्ड लगेच बंद पडणार नाही, पण नव्याने विकत घेणाऱ्याने हे माहीत असून घ्यावं. कार्ड अजून घ्यायचंच असेल आणि लिनक्सचा विचार असेल, तर एएमडी घ्या, एवढं मी निःसंकोच सांगतो. एएमडीचीही एक खोट आहे. एचडीएमआय फोरमने २०२४ च्या फेब्रुवारीत मुक्त ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ द्यायला नकार दिला, त्यामुळे फोरके टीव्हीवर १२० हर्ट्‌झ एचडीएमआयने मिळवताना अडचण येते. सव्वादोनशे चौरस फुटांत फोरके टीव्ही लावला तर बसायचं कुठे, हा प्रश्न त्याआधी येतो म्हणा.

आता विरोधकांचा खरा जोर जिथे आहे तिथे येऊ. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइट नाही, पबजी नाही, कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग नाहीत, ईएचा एफसी नाही. एपेक्स लेजंड्स चालत होता, ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने लिनक्सला बंदी घातली. जीटीए ऑनलाइन चालत होतं, सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटिचीट बसवलं आणि दार बंद झालं. ब्लूस्टॅक्सवर फ्री फायर मॅक्स खेळणाऱ्यालाही लिनक्सवर ब्लूस्टॅक्स मिळत नाही. तुमची टोळी रोज रात्री दहाला व्हॅलोरंटवर जमत असेल तर लिनक्सवर पाच हजार दुसरे गेम चालतात हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्या पोराने विंडोजच घ्यावी. टीपीएम असलेल्या बोर्डवर घ्यावी आणि क्रॅकशिवाय घ्यावी.

पण ‘चालत नाही’ याचं कारण काय, तेही बघायला हवं. हे गेम लिनक्सला झेपत नाहीत असं मुळीच नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्येच इझी अँटिचीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या अँटिचीटवाल्यांनी प्रोटॉनसाठी दार उघडून दिलं. ते वापरायचं की नाही हे गेम बनवणाऱ्या कंपनीने ठरवायचं, आणि कित्येकांनी ‘नाही’ ठरवलं. त्यांचं म्हणणं, लिनक्सवाटे चीट करणं सोपं जातं. आक्षेप अगदीच पोकळ नाही. कर्नल स्वतः बदलता येणाऱ्या सिस्टिमवर चीट पकडणं अवघड आहे. पण काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्सवर थेट चालतात, तिथे जग बुडालेलं नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये चीटर कमी आहेत असं मात्र त्याचा कुठलाही खेळाडू म्हणणार नाही, हेही खरं. आणि कर्नलपर्यंत पोचलेली अँटिचीटं असूनही विंडोजवरचे चीटर संपलेत असं तर कुणीच म्हणणार नाही.

व्हँगार्डसारखं अँटिचीट कर्नलमध्ये बसतं, मशिन चालू झाल्यापासून जागं असतं. सोसायटीच्या वॉचमनने म्हणावं की चोर ओळखायचे तर मला प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात बसू द्या, त्यातलाच हा प्रकार. तो वॉचमन प्रामाणिक असेलही. पण तो घसरून पडला तर काय होतं ते १९ जुलै २०२४ ला दिसलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या कर्नलमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक सदोष अपडेट गेला आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळा पडदा दाखवत बसली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. तो गेम नव्हता, सुरक्षेचं सॉफ्टवेअर होतं, त्याची चाचणी गेमच्या अँटिचीटपेक्षा कडक होत असणार असं आपण समजत होतो. त्यानंतर खुद्द मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांना कर्नलबाहेरून काम करता येईल अशी व्यवस्था करायला घेतली. तेव्हा ‘लिनक्सवर कर्नल अँटिचीट नाही’ हे ज्याच्या-त्याच्या तोंडून लिनक्सचा दोष म्हणून ऐकू येतं, ते मला पूर्णपणे दोष वाटत नाही. एका गेमसाठी घरातलं एकमेव मशिन एवढं उघडं करायचं का, हे पोराने ठरवण्याआधी त्याला निदान सांगितलं तरी पाहिजे.

लल्लूभाई कंपाउंडच्या त्या मशिनवर शेवटी बॅझाइट टाकलं. फेडोरावर आधारलेली, स्टीम आधीच बसवलेली ही सिस्टिम आहे. जीटीए ५ चा स्टोरी मोड, विचर ३, हेडीस हे त्याच्या स्टीम खात्यातले गेम उतरवले आणि खेळायला लागला. पहिल्यांदा उघडताना शेडर तयार होण्यात वेळ गेला तेव्हा तो माझ्याकडे संशयाने बघत होता. व्हॅलोरंट आता गोवंडीच्या गेमिंग पार्लरमध्ये तासाच्या भाड्यावर होतं. त्यावरून त्याची आई मला दोष देते, कारण पोरगा घराबाहेर जातो. तिचं खरं आहे, प्रत्येक निवडीत काहीतरी सोडावं लागतं. फक्त काय सोडतोय ते निवडणाऱ्याला ठाऊक असावं.

क्लासचे सर आणि घरातली मोठी माणसं यांचा युक्तिवाद वेगळा असतो: पोराला पुढे नोकरी करायचीय, ऑफिसात विंडोज असते, मग तीच शिकू दे. महाराष्ट्रात दोन पिढ्या एमएस-सीआयटी करून कॉम्प्युटर शिकल्या, त्यामुळे कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि वर्ड हे समीकरण पक्कं बसलंय. टॅलीची नोकरी करायची असेल तर विंडोज लागेलच, तिथे मी वाद घालत नाही. एसएसडीचे दोन भाग करा, ड्युअल बूट ठेवा. त्यात विंडोज अ‍ॅक्टिव्हेट न करता ठेवली तर वॉलपेपर बदलता येत नाही आणि कोपऱ्यात पुसट अक्षरं राहतात, बाकी सगळं चालतं. परवान्याच्या दृष्टीने तेही बरोबर नाही, पण क्रॅकपेक्षा ती पुसट अक्षरं शंभर पटीने बरी. बाकी नोकरीचा मुद्दा उलटाही फिरवता येतो. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी सगळेच्या सगळे २०१७ पासून लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे. केरळने सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर नेलं. आणि आपल्यापासून फार दूर नाही, पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात फुकट आहेत. हे फुकट मात्र खरोखरचं.

दोन शब्द माझ्याच बाजूच्या भक्तांना. सोळा वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी आर्च लिनक्स टाकायला लावणारे, ‘कमांड लाइन येत नाही तर विंडोजच वापर’ म्हणून हिणवणारे, व्हॅलोरंटचं नाव काढलं की ‘असले गेम खेळूच नयेत’ असं कीर्तन सुरू करणारे हे लोक विंडोजचा जेवढा प्रचार करतात तेवढा मायक्रोसॉफ्टही करत नसेल. आणि व्हिडिओ बघून काली लिनक्स टाकणाऱ्या पोरांनो, ते सुरक्षेची तपासणी करणाऱ्यांचं हत्यार आहे. त्यावर गेमिंग करणं तुमच्याच वाट्याला त्रास आणेल. मिंट घ्या, बॅझाइट घ्या, सुरुवातीला तेवढं बास.

माझ्या म्हणण्यातून ‘सगळ्यांनी लिनक्सच घ्या’ असा अर्थ काढला तर तो तुमचा. माझं म्हणणं एवढंच की हा निर्णय आहे, आणि तो दुकानदाराच्या पेनड्राइव्हवर सोडायचा नाही. त्यासाठी पार्ट विकत घेण्याच्या आधी, कोटेशनच्या मागच्या बाजूला, तुम्ही खरोखर खेळता ते गेम लिहून काढा. खेळायची इच्छा आहे ते नकोत, खेळता तेच. मग प्रोटॉनडीबीवर एकेक नाव टाकून बघा. कुठला गेम कुठल्या कार्डावर कसा चालतो हे तिथे खेळणाऱ्यांनीच लिहिलेलं असतं. यादीत व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट वरच्या दोनांत आलं तर टीपीएम असलेला बोर्ड घेऊन विंडोज. यादी एकट्याने खेळायच्या गेमची निघाली, कार्ड एएमडीचं असलं, बोर्ड जुना असला, तर विंडोजची गरज तुम्हाला सिद्ध करावी लागेल, लिनक्सची नाही.

कुणाचंही ऐकायचं नसेल, माझंही, तर एक सोपी तपासणी आहे. सोळा जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर लिनक्स मिंट उतरवून मशिन त्यावरून चालू करा. इन्स्टॉल करू नका. नुसतं चालवून बघा. कार्ड ओळखलं गेलं का, वायफाय लागलं का, आवाज येतो का, मॉनिटरचा रिफ्रेश रेट पूर्ण मिळतोय का ते तपासा. तुमच्या एसएसडीवरच्या एकाही फाइलला हात लागत नाही. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, मशिन बंद करून पुन्हा चालू करा. विंडोज होती तशीच उघडेल.